तळातला पांढरा ठिपका

बिरोबाची वस्ती, वेरूळच्या वर
७ मार्च २०१६

ती. सदाशिवकाका,

नमस्कार. पाकिटात कागदाच्या घडीत मेमरी कार्ड आहे, ते आधी काढून घ्या. तुमच्या फोटोच्या दुकानात खाली पडलेली वस्तू पुन्हा सापडत नाही, हे मी कॉलेजची तीन वर्षं तुमच्या काउंटरवर काढून शिकले आहे.

काम असं की आमच्या वस्तीची विहीर आटली. खालच्या गावाला टँकर सुरू झाला, पण वस्ती गावापासून लांब, त्यामुळे तिचा प्रस्ताव वेगळा द्यावा लागतो. मी ग्रामपंचायतीची सदस्य, म्हणून ते माझ्या गळ्यात. तालुक्याच्या कार्यालयात म्हणाले, साहेबांना प्रत्येक वस्तीवर यायला जमत नाही, विहिरीचा फोटो पाठवा. फोटो शंभर केबीच्या आत हवा, त्यापेक्षा मोठा त्यांचा कॉम्प्युटर घेत नाही. शिवाय एक पोस्टकार्डाएवढी छापील प्रत.

माझा भाऊ राम वाळूजहून सुट्टीला आला होता. त्याच्या नव्या फोनवर फोटो काढला, आबाही सोबत होते. फोटो झाला सहा एमबीचा! इथं डोंगरावर फोनला रेंज येते ती बाभळीच्या एकाच फांदीखाली, आणि त्या रेंजवर सहा एमबी पाठवायचे तर पावसाळा येईल. पावसाळा आला तर मग फोटोची गरजच काय? म्हणून कार्ड एसटीनं पाठवते. सांडू कंडक्टर तुमच्याच गल्लीत राहतात, ते आणून देतील. उत्तरही त्यांच्याच हाती द्या. फोटो बारीक करून दुकानातूनच कार्यालयाला पाठवा, पत्ता मागे लिहिला आहे.

आई आता पहाटे उठून खालच्या गावाला पाण्याला जाते. तिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. टँकर आला नाही तर वस्ती उठेल, काका. दोन घरं आत्ताच बांधाबांध करताहेत.

तुमची
योगिनी


गुलमंडी, औरंगाबाद
९ मार्च २०१६

योगिनी,

आशीर्वाद. काम झालं. फोटो अठ्ठ्याण्णव केबीत बसवला आणि सांगितलेल्या पत्त्यावर रवाना केला. छापील प्रत आणि कार्ड सोबत आहे. पैशाचं नाव काढू नकोस.

फोटोत तळाला एक बारीक पांढरा डाग पडला होता. भिंगावर धूळ बसली असणार. रामला सांग, फोन सदऱ्याच्या टोकानं पुसत जा म्हणावं. तो डाग मी काढून टाकला. सरकारी काम असलं म्हणून काय झालं, आपल्या दुकानातून गेलेला फोटो स्वच्छ हवा.

इकडचं विचारशील तर नळाला पाणी कधी येईल ते महापालिकेलाही ठाऊक नसतं. जायकवाडीच्या तळातला गाळ उपसून आम्हाला पाजताहेत. आणि माझ्या टेबलावर काम कसलं, तर बीड बायपासच्या एका नव्या टॉवरचं होर्डिंग. त्यात पोहण्याचा तलाव! बिल्डरनं तलावाचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला, नखाएवढा, आणि म्हणतो चाळीस फूट करा. त्याला म्हटलं, बाबा रे, बारीक झालेला फोटो मोठा केला की त्यातून चौकोन निघतात, पाणी निघत नाही. त्याला पटलं नाही. हल्ली कुणालाच काही पटत नाही आणि मलाही पटवायचा कंटाळा येतो. सगळे फोटो फोनवरच बघतात, फोनवरच पुसतात. दुकान उघडायचं ते सवयीनं.

तुझ्या आईला म्हणावं, टँकर येईल. फोटो छान आलाय.

काका


बिरोबाची वस्ती
२९ मार्च २०१६

काका,

प्रस्ताव परत आला. त्यावर शेरा आहे: ‘छायाचित्रात विहिरीत पाणी दिसते. टँकरची आवश्यकता नाही.’

तुमच्या पत्रातल्या डागाला मीही धूळच समजले आणि छापील प्रत तुमच्या भरवशावर न बघताच जोडली होती. मी कार्यालयात गेले. तिथल्या क्लार्कनं पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, तुम्हीच बघा ताई. मी बघितलं. तळ काळा, गुळगुळीत, एकसारखा. मलासुद्धा पाणीच दिसलं. खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. मग रडू आलं.

घरी येऊन कार्डातला मूळ फोटो शेजारच्यांच्या फोनमध्ये घालून पाहिला. त्यात तळाच्या भेगा दिसतात. तुम्ही एवढा बारीक केलात की भेगा एकमेकींत मिसळून गेल्या. पण ते एक वेळ समजू शकते. फोटोत तळाला आबा होते, काका. सकाळीच दोर धरून उतरले होते, वाटीनं ओल खरवडून हंड्यात भरत होते. वरून काढलेला फोटो, त्यामुळे त्यांचं पांढरं मुंडासं तेवढं ठळक दिसतं. तुम्ही भिंगावरची धूळ म्हणून काढलात तो डाग माझा बाप होता.

आबा तिथं असते तर कुणाची हिंमत झाली असती त्याला पाणी म्हणायची? माणूस पाण्यावर उभा राहतो का?

मी पत्रात लिहिलं नाही, कारण दिसतच होतं. तुम्ही फोटो नीट पाहिलातच नाही. पैसे घेतले नाहीत, म्हणून काम उरकलंत असं माझ्या मनात आलं. आलं ते लिहिलं. आणखी तीन घरं गेली, मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला. मी फार दमले आहे.

योगिनी


गुलमंडी
३१ मार्च २०१६

योगिनी,

पैसे घेतले नाहीत म्हणून काम उरकलं? मी? तू तीन वर्षं माझ्या हाताखाली राहिलीस आणि हे लिहितेस! कुणाच्या तरी आजोबांच्या फाटक्या फोटोवर मी आठवडाभर बसलेला तू पाहिला आहेस, आणि तोही फुकट.

डाग काढणं हे माझं आयुष्य. काचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवायचो तेव्हापासून. नवरीची मुरमं, देवीचे वण, बुरशी, पंख्याची सावली, सगळं काढलं. एकदा नवरदेवाचा तीळ काढला तर त्याची आई भांडायला आली, म्हणाली आमच्या घराण्याचा तीळ आहे, परत लावा. लावला. तुझे आबा परत लावायची सोय मात्र मी ठेवली नाही, तसाच फोटो पाठवून बसलो. मॉनिटर जुना झालाय, अंधारातलं धड दाखवत नाही. आणि तूही एका ओळीनं लिहायला हवं होतंस की खाली माणूस आहे.

हे भांडण म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो. तुझं पत्र आल्यापासून मला जेवण जात नाही. तुझ्या आबांना, सोनाजीरावांना मी ओळखतो. तुला भेटायला दुकानात यायचे तेव्हा पायरीवरच बसायचे, आत या म्हटलं तर वहाणा हातात घेऊन यायचे. त्या माणसाला मी रबरानं पुसला. मला फार वाईट वाटतंय, पोरी.

सांग, काय करू?

काका

*योगिनी, ही ओळ मी पेन्सिलीनं लिहिते आहे, ह्यांना दिसणार नाही. मॉनिटर नवा आहे, दिवाळीत घेतलेला. जुने झालेत ते ह्यांचे डोळे. दोन्हींत मोतीबिंदू. ऑपरेशन करायचं म्हटलं की दुकान बंद राहील म्हणतात. लेक स्वरदा पुण्याहून रोज फोनवर ओरडते, ह्यांच्यावर परिणाम शून्य. तू रागावू नकोस. काम उरकलं नाही गं त्यांनी. दिसलंच नाही त्यांना. – यमुनाकाकू*


बिरोबाची वस्ती
४ एप्रिल २०१६

ती. काका,

मी जे लिहिलं ते मागे घेते. कसं कळलं, काय कळलं, ते विचारू नका. तुमचं अक्षर मात्र फार मोठं झालंय. पूर्वी एका पानात सगळा हिशोब बसवायचात, आता पानात जेमतेम दहा ओळी बसतात. फोटो बारीक होत चाललेत आणि अक्षर मोठं.

आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “जाऊ दे. काकाला धूळ दिसली, धुळीतच हुतो की म्या.” आईला मात्र राग आला. तुमचा नव्हे, कार्यालयाचा. ती म्हणाली, “बारीक केल्यावर त्यायला दिसंना, तर मोठा करून द्या की. हिरीएवढा करा! मंग कसं दिसत नाय ते बगू.”

आधी मी हसले. नंतर विचार केला, काय हरकत आहे? तुम्ही तलाव चाळीस फुटी छापता, तर आमची विहीर का नाही? कार्ड परत पाठवते. मूळ फोटो त्यात आहे आणि आता फक्त त्यातच आहे, रामनं फोनमधला पुसला. विहिरीच्या तळाएवढा फ्लेक्स करून द्या. डाग, धूळ, काडी, काही काढू नका.

एक अट आहे. छापण्याआधी काकूंना पडद्यासमोर बसवा. आणि तुमचा तो जुना मॉनिटर बदलून घ्या. कुठला म्हणते ते तुम्हाला कळलं आहे.

तुमची
योगिनी


गुलमंडी
११ एप्रिल २०१६

योगिनी,

कळलं. तुझी काकू पेन्सिलीला टोक काढताना सापडली. माझ्याच पत्रात माझ्याच विरुद्ध लिहायचं म्हणजे कमाल झाली!

अट पाळली. यमुनेला खुर्चीवर बसवलं, मी शेजारी स्टुलावर. फोटो पूर्ण मोठा केला आणि तिला म्हटलं, डाव्या कोपऱ्यापासून सांगत ये, काय काय आहे. ती सांगत गेली. कठडा, त्यावर दोराच्या घासल्याच्या खाचा. कपारीत कबुतराचं घरटं. खाली भेगा, मधे थोडी ओल. मग ती थांबली. म्हणाली, अहो, हा माणूस आहे. वाकलाय. सदरा पाठीला चिकटलाय, मणके दिसताहेत, एक हात हंड्यावर आहे. मी पडद्याला नाक लावलं. मला पांढरा ठिपका दिसला. तेवढाच.

दुकानाबाहेर येऊन जरा वेळ पायरीवर बसलो. सोनाजीराव बसायचे तिथेच.

फ्लेक्सच्या मशीनची रुंदी दहा फूट, म्हणून दोन पट्टे छापून मधोमध चिकटवले आहेत. इतका ताणल्यावर फोटो थोडा फुटतो, जवळून ठिपके दिसतील. उभं राहून बघितलं की भेग भेगेसारखी आणि माणूस माणसासारखा दिसतो. मशीनवाल्यानं विचारलं, हे कुठल्या स्कीमचं होर्डिंग? म्हटलं, तळमजल्याचं.

गुंडाळी सांडूनं एसटीच्या टपावर बांधून घेतली आहे. डॉक्टरकडे जाऊन आलो. तारीख मेअखेरची मिळाली. आता गप्प बस.

काका


बिरोबाची वस्ती
२० एप्रिल २०१६

ती. काका,

काल आम्ही विहीर तालुक्याला नेली.

आबा, आई, मी आणि उरलेल्या घरांतली माणसं. कार्यालयाच्या आवारात फ्लेक्स पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. ऊन असं की फ्लेक्स पायाला भाजत होता. आई कडेला बसली आणि घरून आणलेली दोर-बादली तिनं मधोमध ठेवली. लोक जमले. गंमत अशी की कुणी फ्लेक्सवर पाय देईना. शिपाई चहा घेऊन चालला होता, तोही कडेकडेनं वळसा घालून गेला.

साहेब बाहेर आले. “हे काय आहे?”

आई म्हणाली, “हीर हाय साहेब, आमची. तुमाला यायला जमंना, म्हनून आमीच घिऊन आलो. त्या फोटूत पानी हुतं म्हनं. ही बादली घ्या आन शेंदा.”

साहेबांनी फ्लेक्समधल्या माणसाकडे पाहिलं आणि मग आबांकडे. आबांचं लक्षच नव्हतं. ते स्वतःकडे खाली बघत होते. मला हळूच म्हणाले, “योगे, म्या वरून इतका म्हातारा दिसतो व्हय?” काका, मला तिथंच हुंदका आला.

साहेब म्हणाले, कळवू. आम्ही फ्लेक्स गुंडाळायला लागलो, एवढ्यात क्लार्क मागून धावत आला. म्हणाला, “ताई, हा फोटो चांगला आहे. फाइलला लावायचाय. शंभर केबीत करून द्या.”

मी एवढी हसले की आई घाबरली.

तर करून द्या. आता आणखी कुणाला सांगू?

योगिनी


गुलमंडी
२२ एप्रिल २०१६

योगिनी,

पाठवला. मागच्या वेळी सगळं ठेवायला गेलो आणि सगळंच दाबून टाकलं. या वेळी यमुनेला विचारत विचारत कापत गेलो. कडेची जमीन कापली. कठडा कापला. बाभळीची फांदी आणि कबुतराचं घरटंही कापलं. उरला फक्त तळ. तो न दाबता शंभराच्या आत बसला. भेगा आहेत, हंडा आहे, आबा आहेत. पाठवण्याआधी यमुनेनं तीनदा बघितलं.

हे मला आधी सुचायला हवं होतं. आता वय झालं.

काका


बिरोबाची वस्ती
२१ मे २०१६

ती. काका, ती. काकू,

टँकर आला.

यायला महिना लागला आणि तोवर अर्धी वस्ती उठून गेली. राम आम्हाला वाळूजला खोलीवर न्यायला आला होता, आबांनी त्याला परत पाठवलं. मेंढरंही निम्मी उरली आहेत. तरी आला. क्लार्क सांगत होता, साहेबांनी फाइलमधल्या फोटोवर बोट ठेवलं, “हा तोच ना?” म्हणाले, आणि सही केली.

टँकर पाणी विहिरीतच सोडतो, मग सगळ्यांनी शेंदून घ्यायचं. पहिल्या दिवशी पाइपाच्या जोडातून इतकं पाणी वाया जाऊ लागलं की आबांनी पळत जाऊन खाली खड्डा केला. माती पाणी पिऊन टाकणार, म्हणून घरातून तुमचा फ्लेक्स आणून खड्ड्यात अंथरला. मी ओरडले, आबा, तो नको! ते म्हणाले, “मंग काय त्याची पूजा करू?” गळतीचं सगळं पाणी त्यात साठलं आणि मेंढरं येऊन तोंड लावून प्यायली. आबा काठावर उकिडवे बसून बघत होते. तळाला ते स्वतःच होते, हंड्यावर हात ठेवून. आईला म्हणाले, “राजे, बग गं, म्या बुडालो!” आई किती दिवसांनी हसली.

वस्तीवर राहिलेल्या एका पोराच्या फोनवर मी फोटो काढला. कार्ड सोबत आहे. पाच एमबीचा आहे, बारीक केलेला नाही. काकांनी आत्ता उघडायचा नाही. पट्टी सुटल्यावर उघडा.

तुमची
योगिनी


गुलमंडी
९ जून २०१६

योगिनी,

एक डोळा झाला. दुसरा दिवाळीनंतर. दुकान बंद होतं त्या दिवसांत कुणाचंही काही अडलं नाही, हे पाहून जरा वाईटच वाटलं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिलाय, तो घालून बसलो की गल्लीतली पोरं हसतात. पाऊस तुमच्याकडे आला का? इथे नुसतं भरून येतं आणि जातं. आरशात तोंड पाहिलं. केवढ्या सुरकुत्या! यमुनेला म्हटलं, हे सगळं आधीपासून होतं का? ती म्हणाली, होतं.

आज दुकान उघडलं आणि आधी तुझं कार्ड लावलं. फोटो पूर्ण आकारात मोठा केला. मेंढरांची तोंडं दिसली, ओठांवरचे थेंब दिसले. पाण्यात आभाळ होतं, त्याखाली भेगा. आणि भेगांवर, पाण्याच्या आत, एक पांढरा ठिपका.

माझा हात आपोआप माउसवर गेला, पोरी. बोट दाबायच्या बेतात होतं.

मग मी आणखी मोठं केलं. मुंडासं दिसलं. मुंडाशाची घडी दिसली, पाठीचे मणके दिसले, हंड्यावरचा हात दिसला. या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही. मी कितीतरी वेळ सोनाजीरावांकडे बघत बसलो.

फोटो आहे तसा छापून काउंटरच्या वर लावला आहे. दुपारी तो टॉवरवाला बिल्डर आला, फोटोकडे बघत म्हणाला, “छान आहे, पण मधे तो पांढरा डाग पडलाय, तेवढा काढा की.”

मी त्याला म्हटलं, वहाणा काढा, आत या आणि जवळून बघा.

काका